दुशान झ्बावितेल कोणी वाचलाय का? (आणि आजीच्या आखाजीच्या गाण्यांचा प्रश्न)

बोरीकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण एकात एक गुंतलेत म्हणून एकाच धाग्यात विचारते.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं. घरात अहिराणी. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९८४-८५ च्या सुमारास त्यांनी माझ्या आजीकडून, म्हणजे त्यांच्या आईकडून, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) आणि जात्यावरची गाणी ऐकून दोनशे पानी वहीत उतरवली. शाईचं पेन, सुरेख अक्षर, प्रत्येक गाण्याखाली तारीख. आजी २०१९ मध्ये गेली, वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे.

२०१७ च्या आखाजीला मी माहेरी होते. तेव्हा मोबाईलवर आजीची सात गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती. मागे झोक्याच्या दोराची करकर आहे, आजी मधेच खोकते, सांजोऱ्या करपतील म्हणून माझ्या आईला हाक मारते आणि पुन्हा त्याच ओळीवर येते. परवा वही आणि रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ताडून पाहिलं. जुळत नाही. आजी म्हणते ‘मनी आंडेर’. वहीत आहे ‘माझी लाडकी लेक’. असं बऱ्याच ठिकाणी आहे. शिवाय एका गाण्यात चार ओळी अशा आहेत की ज्या आजीच्या आवाजात नाहीतच: बोरीला पूर आलाय, मुऱ्हाळी (बहिणीला माहेरी न्यायला) आलेला भाऊ पैलतीरावर बैल सोडून बसलाय, बहीण अलीकडून त्याला भाकरी दाखवतेय. संपूर्ण वहीत मला सर्वांत आवडणाऱ्या ओळी याच.

एका चर्चासत्रात मी यावर छोटा निबंध वाचला. अध्यक्षस्थानी असलेल्या प्राध्यापकांनी सरळ विचारलं, “आखाजी वैशाखात. वैशाखात तुमच्या बोरीला पूर कुठून आला? हे तुमच्या वडिलांनी टेबलावर बसून रचलंय. याला लोकगीत म्हणू नका.” मला उत्तर देता आलं नाही. खाली उतरले तेव्हा हातपाय थरथरत होते. माझे वडील खोटं लिहिणारे नव्हते. पण पुराचं काय करू?

चहाच्या वेळी एक संशोधक मुलगी हळूच म्हणाली, मैमनसिंगच्या गाथांवरचा झ्बावितेलचा अभ्यास बघा, तुमचाच प्रश्न आहे. चेकोस्लोव्हाकियातला माणूस, बंगाली गाणी आणि माझी वही, याचा एकमेकांशी काय संबंध? हा माणूस कोण होता? आणि ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगावं, दोन पाठ हातात असताना खरा कोणता धरायचा?

---

प्रागवासी धुळेकर:

ताई, मी साहित्याचा माणूस नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण या माणसाच्या गुरूचं काम मला रोज ऑफिसला जाताना दिसतं. प्रागच्या देयवित्से भागात, तंत्रविद्यापीठाशेजारी, एक रस्ता आहे: ताकुरोवा. पहिले काही महिने मला वाटायचं कोणी चेक सरदार असेल. मग पाटी नीट वाचली. ती ‘ठाकूर’ आहे. रवींद्रनाथ ठाकूर.

आपण मराठीत टागोर म्हणतो, म्हणजे इंग्रजांनी केलेलं नाव म्हणतो. चेक लोक ठाकूर लिहितात, कारण त्यांच्याकडे हा कवी थेट बंगालीतून आला. ते काम सुरू केलं विन्त्सेंत्स लेस्नी या प्राध्यापकांनी (जन्म १८८२). सगळा युरोप इंग्रजीवरून भाषांतरं करत होता, तेव्हा हे बंगाली शिकून मुळातून करत होते. शांतिनिकेतनात जाऊन राहिले. रवींद्रनाथ १९२१ मध्ये आणि पुन्हा १९२६ मध्ये प्रागला आले. १९२१ च्या व्याख्यानाला संगीतकार यानाचेक हजर होते. त्यांना एकही शब्द कळत नसणार, पण लोकांच्या बोलण्यातले सूर टिपायची त्यांची जन्माची सवय, त्यामुळे ते कवीच्या आवाजाबद्दल भारावून लिहून गेले आणि पुढच्याच वर्षी रवींद्रनाथांच्या कवितेवर त्यांनी पुरुषांचं समूहगान रचलं.

झ्बावितेल हे लेस्नींचे विद्यार्थी. जन्म ७ मे १९२५, मोराव्हियातल्या हाना नावाच्या पट्ट्यातलं कोस्तेलेत्स हे गाव. हाना म्हणजे काळ्या सुपीक मातीचा सपाट मुलूख, आणि तिथली बोली प्रागच्या चेकपेक्षा इतकी वेगळी की हानाकडचा माणूस तोंड उघडताच ओळखू येतो. आपण पुण्यात तोंड उघडलं की होतं तसं. नाझींनी १९३९ मध्ये चेक विद्यापीठांना टाळं ठोकलं ते १९४५ पर्यंत. त्यामुळे या पिढीचं उच्चशिक्षण युद्ध संपल्यावरच सुरू झालं. झ्बावितेल पुढे प्रागच्या प्राच्यविद्या संस्थेत बंगालीचे अभ्यासक झाले. १९६८ मध्ये रशियन रणगाडे आले, त्यानंतर विद्यापीठांत आणि संस्थांत जी झाडाझडती झाली तिच्यात त्यांची नोकरी गेली. २००६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ते गेले, ८७ वर्षांचे होऊन.

मैमनसिंगच्या पुस्तकाबद्दल वरणगावकर आबा सांगतील. त्यांना बंगाली येतं. आबा, धाग्यावर या.

---

वरणगावकर:

आलो. पोरी, तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि आधी कपाटाच्या वरच्या फळीवरून पुस्तक काढलं. वाळवीने कोपरा खाल्लाय, पण आतलं शाबूत आहे. कलकत्ता विद्यापीठाने १९६३ मध्ये छापलेलं. मैमनसिंगच्या बंगाली लोकगाथा आणि त्यांच्या अस्सलपणाचा प्रश्न, असा विषय पुस्तकाच्या नावातच आहे.

माझ्याकडे ते कसं आलं हे सांगतो, कारण त्यात तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होतो. १९८८ मध्ये बदली झाली ती थेट बंगालात, ईशापूरला. अकरा वर्षं तिथे काढली. सुरुवातीला भाषेवाचून फार हाल झाले. माझ्या शेजारच्या लेथवर काम करणाऱ्या मित्राच्या आईने मला बंगाली शिकवलं. तिला आम्ही माशीमा म्हणायचो. ती मूळची मैमनसिंग जिल्ह्यातल्या नेत्रकोनाकडची, फाळणीत सगळं सोडून आलेली. संध्याकाळी कागदावर मुडी (आपले मुरमुरे), त्यावर मोहरीचं तेल, हिरवी मिरची, आणि खाता खाता ती गुणगुणायची. महुआची गोष्ट मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकली. डोंबाऱ्याच्या टोळीचा नायक एका ब्राह्मणाची तान्ही मुलगी पळवून नेतो, तिला दोरीवरचे खेळ शिकवतो. मोठेपणी तिच्यावर एका जमीनदार घरातल्या मुलाचा जीव जडतो. टोळीवाला तिच्याच हातात सुरी देतो, मार त्याला म्हणून. ती सुरी शेवटी कुणाच्या छातीत जाते ते सांगत नाही. माशीमा तिथे नेहमी थांबायची, पदराने डोळे पुसायची, आणि मग एका दमात शेवट म्हणायची.

एका शनिवारी सियालदाहला उतरून कॉलेज स्ट्रीटला गेलो होतो. फुटपाथवरच्या ढिगात हे पुस्तक दिसलं. मैमनसिंग हे नाव पाहून माशीमासाठी घेतलं. चाळीस रुपये पडले.

आता मूळ हकिगत. मैमनसिंग भागात चंद्रकुमार दे नावाचा एक गरीब माणूस होता. शिक्षण थोडं, लहानशा पगारावर वसुलीसाठी गावोगाव फिरणारा. त्या फिरण्यात तो रात्र-रात्र पालागान, म्हणजे गाऊन सांगितलेल्या कथा, ऐकायचा. त्याने याबद्दल एका स्थानिक मासिकात लिहिलं. ते कलकत्त्याच्या दिनेशचंद्र सेनांच्या वाचनात आलं. सेन म्हणजे बंगाली साहित्याच्या इतिहासातलं मोठं नाव. त्यांनी चंद्रकुमारला शोधून काढलं, गाथा गोळा करायच्या कामाला लावलं आणि १९२३ मध्ये दहा गाथांचा संग्रह विद्यापीठातर्फे काढला. महुआ, मलुआ, चंद्रावती, काजलरेखा, देवाना मदिना या सगळ्या त्यात आहेत. हिंदूंच्याही आहेत, मुसलमानांच्याही आहेत, आणि गाणाऱ्यांनी त्यात भेद केलेला नाही.

लोक वेडे झाले. आणि लगेच शंकाही निघाली, बाहेरून नाही, बंगालातूनच. खेडुतांच्या तोंडी इतकं घोटीव काव्य? चंद्रकुमार स्वतः लिहिणारा, त्याने भर घातली नसेल कशावरून? सेनांनी भाग पाडले, ओळी लावल्या, म्हणजे किती लावल्या? तुझ्या प्राध्यापकांचा प्रश्न तोच आहे बघ. गोळा करणारा लिहिता असला की संशय त्याच्यावरच येतो.

ही फाईल चाळीस वर्षं तशीच धूळ खात होती. झ्बावितेलांनी ती उघडली. निष्कर्ष काय? या गाथा खऱ्या लोकपरंपरेतल्या आहेत, शहरात बसून कुणी बनवलेल्या नाहीत. पण मला निष्कर्षापेक्षा त्यांची रीत मोठी वाटते. चंद्रकुमार भला माणूस होता म्हणून गाथा खऱ्या, असं ते म्हणत नाहीत. चंद्रकुमार कवी होता म्हणून गाथा खोट्या, असंही म्हणू देत नाहीत. माणसाच्या चारित्र्यावर निकाल लावायचाच नाही. गाथा समोर ठेवायच्या, त्यांनाच विचारायचं.

चेक माणसाला हे का सुचलं, यावर मी पुष्कळ विचार केला. त्यांच्या देशात १८१७ मध्ये व्हाट्स्लाव हांका नावाच्या पंडिताने जाहीर केलं की एका चर्चमध्ये जुनी हस्तलिखितं सापडली, तेराव्या शतकातली चेक वीरकाव्यं. त्याच सुमारास दुसरं एक बाड निघालं, ते त्याहूनही जुनं म्हणे. आख्खा देश आनंदला. जर्मनांच्या राज्यात दबलेल्या लोकांना आपलं प्राचीन काव्य मिळालं. पुढे सत्तर वर्षं शाळेतली मुलं ते शिकली. आणि ते बनावट होतं! १८८६ मध्ये याच्यावर निर्णायक घाव पडला. गेबाउअर नावाच्या भाषापंडिताने दाखवून दिलं की यातली व्याकरणाची रूपं त्या काळच्या चेक भाषेत बसतच नाहीत. त्याचा लेख ज्यांनी आपल्या मासिकात छापला आणि लढाई अंगावर घेतली, ते प्राध्यापक मासारिक. लोकांनी त्यांना देशद्रोही म्हटलं. तेच मासारिक १९१८ मध्ये त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

अशा देशात शिकलेल्या माणसाला दोन्ही गोष्टी हाडात माहीत असणार: प्रेमापोटी खोटं गाणं खरं मानलं तर काय होतं, आणि संशयापोटी खरं गाणं फेकून दिलं तर काय जातं. हे माझं म्हणणं आहे, पुस्तकातलं नाही.

आता माशीमा. मी तिला महुआ वाचून दाखवली, छापील. दोन जागी तिने हात वर केला. “आमच्याकडे इथे दुसरंच होतं.” आणि तिचं ती म्हणाली. एके ठिकाणी छापलेल्यातलं काही तिच्यात नव्हतं, एके ठिकाणी तिच्यातलं छापलेल्यात नव्हतं. मी विचारलं, मग खरं कुठलं? तिने माझ्याकडे असं पाहिलं, की या पोराला बंगाली शिकवलं पण अक्कल द्यायची राहिली. तिच्या गावच्या गायेनने, म्हणजे गाणाऱ्याने, तिला तसं दिलं, दुसऱ्या गावच्या गायेनने चंद्रकुमारला तसं दिलं. एवढंच.

पोरी, म्हणून सांगतो. तुझी आजी १९८५ मध्ये जे म्हणाली आणि २०१७ मध्ये जे म्हणाली ते एकच असेल, हे तू कशावरून धरलंस? बत्तीस वर्षांत बाई चार ओळी विसरत नाही का? तेव्हा मुऱ्हाळी येणारा भाऊ जिवंत असेल, नंतर नसेल. म्हणून आवाजात नाही ते वडिलांचंच, हे गणित चुकीचं आहे. आणि आवाजात नसलेलं सगळं आजीचंच, हेही चुकीचं. ‘लाडकी लेक’ मात्र मला वडिलांची वाटते. का ते सांगतो. ‘मनी आंडेर’ म्हणताना जेवढा वेळ लागतो, तेवढा नुसतं ‘माझी लेक’ म्हणून भरत नाही, ओळ तोकडी पडते. म्हणून त्यांनी ‘लाडकी’ घातलं. मास्तर होते, शब्द शुद्ध केला आणि चाल सांभाळायला ठिगळ लावलं. ठिगळ दिसतं, आणि ते प्रेमाने लावलेलं आहे हेही दिसतं. पूर तसा नाही. पुरात ठिगळ नाही.

कामाचं सांगतो. एक, रेकॉर्डिंग मुळातलं आहे तसं तीन ठिकाणी ठेव, आवाज साफ करायला जाऊ नको, खोकला काढू नको. दोन, ते अक्षर न् अक्षर उतरव, आजी ‘माले’ म्हणाली तर ‘माले’, दोनदा म्हणाली तर दोनदा. तीन, वहीतलं शेजारच्या रकान्यात जसंच्या तसं. एकावरून दुसरं दुरुस्त करायचं नाही. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पाय झिजव. ज्या बायकांनी तुझ्या वडिलांना कधी पाहिलं नाही अशा म्हाताऱ्या शोध. त्यांना ओळी सांगू नको. नुसतं बसायचं, पाणी मागायचं, आणि पुराचं एखादं गाणं येतं का विचारायचं.

मी लेवा पट्ट्यातला. आमच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरींनी लिहून घेतली म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यावर वर्षभराने, छापून जगापुढे आली. सोपानदेव स्वतः कवी. लिहून घेणारा हात कवीचा होता म्हणून आपण ते सोनं नाकारलं का? लिहून घेणाऱ्याशिवाय तर काहीच राहिलं नसतं.

झ्बावितेलांबद्दल एकच आणखी. धुळेकरांनी नोकरी गेल्याचं लिहिलं. त्यानंतर काय, हे मी त्यांच्या पुस्तकांच्या सालांवरून पाहतो. १९७६ मध्ये त्यांचा बंगाली साहित्याचा इतिहास जर्मनीत, वीसबाडेनला छापून आला, भारतीय साहित्याच्या इतिहासाच्या मोठ्या मालिकेत. म्हणजे स्वतःच्या देशात संस्थेचं दार बंद, आणि हा माणूस चर्यापदांपासून, म्हणजे अगदी जुन्या बंगाली पदांपासून, पुढचं हजार वर्षांचं बंगाली साहित्य एका जागी बांधतोय. पुढे संस्कृतमधून उपनिषदं चेकमध्ये आणली, मनुस्मृती आणली, तीही वयाच्या ऐंशीच्या आसपास. कारखान्यात मी अशी माणसं पाहिलीत. सुपरवायझर बदलतो, शिफ्ट बदलते, जॉबवरचा हात बदलत नाही.

---

तापीखोरं:

आबांचं लिहिणं वाचून गहिवरून आलं, तरी एक मुद्दा मांडते. मी शिरपूरकडची, पावरा आदिवासी मुलांच्या शाळेत वीस वर्षं शिकवते. आमच्याकडे बाहेरून लोक येतात, गाणी नेतात, आणि छापून येतं तेव्हा त्यात आमच्या मुलांनाही ओळखू येणार नाही अशी मराठी असते. त्यावर ‘लोकगीत’ लिहिलेलं असतं. त्यामुळे ‘ठिगळ प्रेमाने लावलं’ हे मला पुरत नाही.

ताई, तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून सांगते: वहीतला पाठ ‘संपादित’ म्हणूनच छापा, आणि संपादक म्हणून त्यांचं नाव द्या. त्यात त्यांचा अपमान नाही, उलट त्यांचं काम उजेडात येतं. पण तो आजीच्या नावावर टाकू नका. ‘आंडेर’ हा शब्द माझ्या वर्गातल्या अहिर मुलींना आता लाजिरवाणा वाटतो. शाळेत तो कधी फळ्यावर दिसलाच नाही, म्हणून. त्या शब्दाची जागा शिक्षकांनीच हिरावून घेतलीय, मीही त्यातलीच. तो परत द्यायचा असेल तर आजीचा पाठ वर आणि मोठ्या अक्षरात हवा.

भाषांतराबद्दल: अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले आणि तिरुवल्लुवरांचा कुरल मराठीत आणला. आंतरभारतीची कल्पना त्यांनी बोलून दाखवली ती अशी जगून मग. चेक माणूस बंगाली शिकतो याचं नवल आपल्या मातीला नको. नवल याचं हवं, की अमळनेरची मुलगी अहिराणीवर निबंध वाचते आणि सभागृहात तिच्या बाजूने बोलायला कुणी उठत नाही.

---

बोरीकाठ:

धागा वर आणतेय. तीन महिन्यांनी लिहिते आहे, माफ करा, पण रिकाम्या हाताने लिहायचं नव्हतं.

आबा, तुम्ही सांगितलं तसं सातही गाणी उतरवली. एका गाण्याला दोन-दोन रात्री लागल्या. आजी एका ठिकाणी श्वास घेते तिथे मी इतकी वर्षं शब्द ऐकत होते, तो शब्दच नव्हता. तापीखोरं ताई, तुमचंही ऐकलं. आजीचा पाठ डावीकडे, वर. उजवीकडे वडिलांचा, ‘संपादित’ असं लिहून, त्यांच्या नावासह. लिहिताना हात जड झाला होता, पण लिहून झाल्यावर वाटलं की इतक्या वर्षांनी त्यांचं नाव त्यांच्या कामावर पहिल्यांदा लागलं.

आता पूर. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. माझ्या नणंदेचं लग्न गेल्या वर्षी झालं, सासर पांझरेकाठचं. त्यांच्याकडे रोटाला, म्हणजे कानबाईच्या प्रसादाला, बोलावलं होतं. तिच्या आजेसासूबाई ऐंशीच्या पुढच्या, दात नाहीत, ऐकायला कमी येतं. माझ्या वडिलांचं नावसुद्धा त्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. रात्री बायका जागरणाला बसल्या. मी ओळ सांगितली नाही. पाणी मागितलं, जवळ बसले, आणि कानाशी तोंड नेऊन विचारलं, आजी, नदीच्या पुराचं एखादं गाणं येतं का?

त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग टाळी लावली, अगदी हलकी, आणि सुरू केलं. नदी पांझरा होती. भाऊ पैलतीरावर होता. बैल सोडलेले होते. भाकर मात्र नव्हती, बहीण पदर हलवत होती. चारपैकी दोन ओळी जवळजवळ शब्दाला शब्द, नदीचं नाव सोडून. आणि ते आखाजीचं गाणं नव्हतं, श्रावणातलंच होतं. पूर श्रावणातलाच होता.

मी विचारलं, कुठून आलं तुमच्याकडे? त्या म्हणाल्या, “हाई तं आमनी माय म्हने.”

या ओळी श्रावणाच्या गाण्यातून आखाजीच्या गाण्यात आजीने आणल्या की वहीत उतरवताना वडिलांनी जोडल्या, हे मला कळलेलं नाही. आता ते विचारायला कुणी उरलेलं नाही. तिसरी ओळ, जिच्यात भाकर आहे, आणि चौथी, या दोन अजून कुठेच सापडलेल्या नाहीत. त्यांच्यासमोर मी पेन्सिलीने लिहिलंय: वहीत आहे, आवाजात नाही. पेन्सिलीने अशासाठी, की पुढच्या महिन्यात बेटावदला जातेय. तिथे एक आजी आहेत म्हणतात, त्यांना भाकरीचं गाणं येतं.